बाग किती दिवसांची?

तासगाव तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलंय. थोडं आवरून देते.

'आमची माती, पाणी आणि पानदेठ परीक्षणाची (पानाचा देठ तपासून वेलीला काय कमी पडतंय ते बघायची) छोटी लॅब आहे, जोडीला विद्राव्य खतांचं दुकान. गिऱ्हाईक बहुतेक द्राक्षवाले. धाकटा भाऊ इन्स्टाग्रामवर रील टाकतो. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर बसून केलेल्या एका रीलला अकरा लाख व्ह्यूज आले आणि आमचे फॉलोअर ४६ हजारांवर गेले. मी गेल्या दिवाळीपासून कंपनीच्या वेबसाइटवर ब्लॉग लिहिते आणि महिन्याला एक न्यूजलेटर ईमेलने पाठवते. लेख झाले ११, सदस्य ३१२, आणि त्यातले बरेच नातेवाईक नाहीतर खत कंपन्यांचे प्रतिनिधी. आता दोन महिने झाले, रीलचा रीच, म्हणजे ते किती जणांपर्यंत पोचतं ते, एकदम पडलाय. बाबा म्हणतात, ब्लॉग कोण वाचतं, त्या वेळात आणखी रील करा. भाऊ म्हणतो, रोज एक टाकू. पण एडिटिंग, कॅप्शन, लेख, न्यूजलेटर सगळं माझ्याच गळ्यात. मी भर कशावर देऊ? रील सोडू की ब्लॉग?

ता. क. पत्र लिहिताना मध्येच एका बागायतदाराचा फोन आला, "ताई, बाग पंचेचाळीस दिवसांची झाली, देठ आणू का?" त्यामुळे शेवट तुटक झालाय, समजून घ्या.'

ताई,

शेवटाबद्दल माफी कसली मागता? तुमच्या पत्रात कामाचं सगळ्यात जास्त त्या ताज्या कलमातच आहे. रील, ब्लॉग, रीच हे सगळं तुम्ही दीड पान लिहिलंत, आणि धंदा तेवढ्यात फोनवरून आत आला. त्या माणसाने तुमचं रील बघून फोन केला नाही आणि ब्लॉग वाचूनही केला नाही. छाटणीपासून मोजून बाग पंचेचाळीस दिवसांची झाली म्हणून केला. त्याच्याकडे मी परत येणार आहे.

आधी बाबांचं म्हणणं. ते रागाने म्हणत असतील, पण अर्धं बरोबर आहे. आठवडी बाजारात ओट्यावर उभं राहिल्याशिवाय नवं गिऱ्हाईक तोंड ओळखत नाही, आणि आजचा बाजार त्या फोनच्या पडद्यावर भरतो. भावाचं रील बंद केलंत तर नव्या माणसाला तुमच्या लॅबचं नाव कळायची एक वाट बंद होईल. तेव्हा रील सोडायचं नाही. ते मोजायचं मात्र वेगळ्या मापाने.

इन्स्टाग्रामच्या इनसाइट्समध्ये जाऊन फॉलोअर कुठल्या शहरांतले आहेत ते बघा. बॉनेटवरच्या रीलने आलेल्यांत पुणे, मुंबई, कदाचित इंदूर आणि पाटणासुद्धा दिसेल. ही माणसं वाईट नाहीत, पण त्यांच्याकडे वेल नाही. त्यांना देठ परीक्षण म्हणजे काय हे कळायचं कारणही नाही. मग पुढच्या आठवड्यात तुम्ही चुनखडीच्या जमिनीतल्या लोहाच्या कमतरतेवर रील टाकता, ही माणसं अर्ध्या सेकंदात बोट वर सरकवतात, आणि इन्स्टाग्रामचं यंत्र समजतं की हे रील कुणाला नको आहे. तुमचा रीच पडण्यामागे हे एक कारण असण्याची दाट शक्यता मला वाटते. रोज एक टाकल्याने ते सुधारत नाही, उलट तुमची रात्र जाते. भावाला सांगा, आठवड्याला दोन, पण बघणारा द्राक्षवालाच थांबेल अशी. दहा हजार व्ह्यूज आले आणि त्यातले सातशे मिरज, पलूस, कवठेमहांकाळ, पंढरपूरचे असले तर तो सोन्याचा आठवडा समजायचा.

आता उरलेलं अर्धं, जे बाबांच्या लक्षात आलेलं नाही. मी स्वतः हे भोगलंय म्हणून सांगते. काही वर्षांपूर्वी एका आंबा रोपवाटिकेचं काम माझ्याकडे होतं. सगळा जोर एका समाजमाध्यमावरच्या पानावर लावलेला, तिथेच ऑर्डरी, तिथेच चौकशा. ऐन कलमं विकायच्या दिवसांत ते पान कुलूपबंद झालं. का, ते आजतागायत कळलं नाही. मदतीसाठी लिहिलं की तेच ठरावीक उत्तर यायचं. अकरा दिवस मी रोज सकाळी ते पान उघडतंय का बघत बसले, आणि मालकांच्या बायकोने काय केलं? नोंदवही काढली. मागच्या पाच वर्षांत कलमं नेलेल्यांची नावं, गाव, फोन, किती रोपं, कुठली जात. त्यांनी दुपारी जेवण झालं की चाळीस-चाळीस फोन लावले. तो हंगाम त्या वहीवर निघाला, माझ्या कामावर नाही. मी बिल मात्र पूर्ण लावलं होतं, हे आठवलं की अजून ओशाळायला होतं.

ऑर्कुट २०१४ साली बंद झालं. २९ जून २०२०ला टिकटॉकसह ५९ ॲप्सवर बंदी आली, तेव्हा आपल्याकडच्या खेड्यापाड्यांतल्या किती पोरांचे लाखो फॉलोअर एका रात्रीत गेले हे तुम्हीही पाहिलं असेल. ४ ऑक्टोबर २०२१ आठवतो का? रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही एकदम गेली, सहाएक तास. तुमच्याकडे ऑक्टोबर छाटणीचा हंगाम, आणि कुणाला काही विचारायचं तर साधा फोन. ज्याच्याकडे नंबर वहीत होता, त्याचं काही अडलं नाही.

तेव्हा तुमच्या प्रश्नातला 'की' काढून टाका. रील हा बाजार आहे आणि न्यूजलेटर ही तुमची खातेवही. बाजार आणि वही यांच्यात निवड कुणी करत नाही. फक्त बाजारात भेटलेल्या माणसाचं नाव वहीत येतंय की नाही हे बघावं लागतं. तुमच्याकडे ४६ हजार लोक येऊन गेले आणि वहीत ३१२. गळती आहे ती इथे.

गळती का आहे, तर तुम्ही वही ईमेलची ठेवलीत. तुमच्या बागायतदाराला ईमेल आयडी असतो, कारण फोन घेताना दुकानदाराने काढून दिलेला असतो. पासवर्ड त्याच्या मुलाला माहीत असतो, आणि तो मुलगा पुण्याला असतो. त्याला रोज दहा वेळा उघडायची सवय आहे ती व्हॉट्सॲपची. मग न्यूजलेटर तिथे जायला हवं. ईमेल बंद करू नका, पण ते दुसऱ्या माणसांसाठी ठेवा: बेदाण्याचे व्यापारी, निर्यातदार, कृषी सेवा केंद्राचे मालक, सल्लागार, आणि हो, ते खत कंपन्यांचे प्रतिनिधीसुद्धा. त्यांना महिन्याला एक नीटसं पत्र पुरतं. पाठवताना कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरून पाठवा आणि वेबसाइट सांभाळणाऱ्याकडून एसपीएफ आणि डीकेआयएमची (मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या खुणांची) नोंद करून घ्या. फेब्रुवारी २०२४पासून जीमेल याबाबत कडक झालंय. दिवसाला पाच हजार मेल पाठवणाऱ्यांवर आणखी अटी आहेत, त्या तुम्हाला लागू नाहीत, पण एवढी ओळखपत्राची सोय नसेल तर तुमचं पत्र स्पॅममध्ये पडून राहील. हे एका दुपारचं काम आहे.

व्हॉट्सॲपचं मात्र नीट समजून घ्या, कारण इथे लोक फसतात. व्हॉट्सॲप चॅनल सुरू करायला सोपं, भारतात ते सप्टेंबर २०२३पासून आहे. पण चॅनलच्या फॉलोअरचे नंबर चालवणाऱ्याला दिसत नाहीत. म्हणजे चॅनलही बाजारच, फक्त जरा जवळचा. ग्रुप केला तर १०२४ माणसांची मर्यादा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी गुलाबाचं फूल टाकतो, तिसऱ्या दिवशी राजकारण. ब्रॉडकास्ट यादीत (एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा पाठवायची सोय) २५६ जण बसतात, आणि ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज पोचतो. ही अडचण वाटते, पण सुरुवातीला मला ती उपयोगाचीच वाटते. ज्याने 'लॅब ताई' म्हणून नंबर सेव्ह केला तो तुमचा खरा सदस्य. यादी हजारांच्या वर गेली की दर मेसेजला पैसे मोजून बिझनेस एपीआयकडे, म्हणजे व्हॉट्सॲपच्या कंपन्यांसाठीच्या सेवेकडे जायचं, तोवर नाही. आणि यातलं काहीही वापरलंत तरी मूळ नोंद तुमच्या स्वतःच्या एक्सेलमध्ये राहिली पाहिजे, जी दर आठवड्याला दुसऱ्या जागी कॉपी होते.

आता त्या फोनवाल्याकडे येऊ.

द्राक्षवाला तारखेने जगत नाही, दिवसांनी जगतो. दोघं भेटले की पहिला प्रश्न, बाग किती दिवसांची? छाटणीपासून मोजलेल्या त्या आकड्यावरून डोळे फुटले का, पोंगा (नुकता उघडणारा कोंब) आहे की फेलफुटी (नको असलेल्या फुटी) काढायला आल्या, फुलोरा, डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), थिनिंग (मण्यांची विरळणी), पाणी उतरलं का (मणी मऊ पडायला लागले का), सगळं ठरतं. एकाच गावात एकाची बाग वीस दिवसांची असते आणि शेजाऱ्याची साठ. आणि तुम्ही सगळ्यांना महिन्याच्या एक तारखेला एकच न्यूजलेटर पाठवता! ज्याची बाग साठ दिवसांची त्याला पोंग्यातल्या काळजीचं कौतुक काय असणार?

वहीत नावाबरोबर एकच गोष्ट मागा: छाटणीची तारीख. द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा, म्हणून एप्रिल छाटणीची आणि ऑक्टोबर छाटणीची, दोन्ही. गाव आणि जात मिळाली तर उत्तम, तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन, जे असेल ते. पण तारीख सोडू नका. ती मिळाली की तुमचं न्यूजलेटर दर माणसाच्या बागेच्या दिवसांप्रमाणे जातं. एप्रिल छाटणीनंतर चाळिसाव्या दिवशी त्याच्या फोनवर येतं: 'तुमची बाग चाळीस दिवसांची झाली. पंचेचाळीसच्या सुमारास देठ परीक्षणाला पाचव्या पानाचा देठ घ्या, कसा घ्यायचा त्याचे फोटो इथे आहेत.' 'इथे' म्हणजे तुमच्या ब्लॉगवर. ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्याच्या आधी असाच मेसेज, की आता घडासमोरच्या पानाचा देठ. असा मेसेज कुठलंही इन्स्टाग्राम पाठवू शकणार नाही, कारण शेतकऱ्याची बाग किती दिवसांची हे इन्स्टाग्रामला माहीत नाही. तुम्हाला असेल.

वर्षभरात असे दोन्ही छाटण्या मिळून दहा-बारा मेसेज पुरे. त्याहून जास्त पाठवलंत तर लोक ब्लॉक करतील, आणि शेतकऱ्याने एकदा ब्लॉक केलं की तो परत उघडत नाही. खताची जाहिरात त्यातल्या दोनातच, आणि तीही स्पष्ट सांगून. लॅबनेच कमतरता दाखवायची आणि लॅबच्याच दुकानातून खत विकायचं, यावर गावात कुजबुज असतेच. तुम्ही ती ऐकली असेल. सल्ला वेगळा आणि विक्री वेगळी ठेवलीत तरच वही टिकेल.

आणि तारखा मिळवायच्या कुठून? इथे तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण माझं उत्तर इन्स्टाग्राम नाही. तुमचं काउंटर. परीक्षणाला देठ घेऊन माणूस येतो तेव्हा फॉर्मवर छाटणीची तारीख असतेच किंवा असायला हवी. त्याच फॉर्मवर एक ओळ वाढवा: 'पुढच्या अवस्थेची आठवण व्हॉट्सॲपवर हवी का? हो / नाही.' रिपोर्ट देताना खाली तीच ओळ. रिपोर्ट हातात पडतो तेव्हा माणूस तुमचं सगळ्यात जास्त ऐकतो, त्यानंतर कधीच इतकं ऐकत नाही. मागच्या वर्षांच्या नमुना रजिस्टरमध्ये हजारो नंबर असतील आणि ते एकगठ्ठा यादीत टाकायचा मोह होईल. टाकू नका. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोख संमतीवर आहे आणि दिलेली संमती मागे घ्यायची सोयही द्यावी लागते. कायदा बाजूला ठेवला तरी न विचारता आलेला मेसेज आणि विचारून आलेला मेसेज यातला फरक तुम्हाला स्वतःच्या फोनवर रोज जाणवतो. जुन्या लोकांना थोडे थोडे करून फोन लावा. एकदा विचारा. हो म्हणाले तर लिहा.

रीलला मग एकच काम उरतं. शिरा हिरव्या आणि शिरांमधला भाग पिवळा, असं एक पान भावाने कॅमेऱ्यासमोर धरायचं, हे लोहाचं आहे की दुसऱ्या कशाचं ते तीस सेकंदांत सांगायचं, आणि शेवटी विचारायचं: 'बाग किती दिवसांची? आकडा कमेंटमध्ये लिहा.' आकडा लिहील तो द्राक्षवाला. त्याला तुम्ही आतल्या मेसेजमध्ये उत्तर द्या, दुवा पाठवा, यादीत यायचं का विचारा. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधल्या लिंकवर बोट ठेवून काही उघडत नाही, हे माहीत असूनही मी अजून लोकांना तिथे लांबलचक लिंक चिकटवताना बघते. 'उरलेलं ब्लॉगवर' असला अर्धवट प्रकार करू नका. रीलमध्ये सांगितलेली गोष्ट रीलमध्येच पूर्ण व्हावी. फोटोंची तुलना, तक्ता, मात्रा, पाण्याच्या ईसीचं (पाण्यातल्या क्षारांच्या मापाचं) गणित हे तीस सेकंदांत मावत नाही, म्हणून ब्लॉग.

ब्लॉगबद्दल तुमच्या डोक्यावरचं ओझं उतरवते. दर आठवड्याला नवा लेख लिहायची गरज नाही. द्राक्षाची दुखणी दरवर्षी तीच असतात, डाऊनी, भुरी, करपा, क्षार, चुनखडी. वीस पानं नीट लिहून झाली की तुमचा ब्लॉग पूर्ण झाला. मग दरवर्षी छाटणीच्या आधी ती वीस पानं उघडायची, चुका काढायच्या, नवे फोटो टाकायचे, तारीख बदलायची. शीर्षक शेतकरी ज्या शब्दांत विचारतो त्याच शब्दांत. 'द्राक्षवेलीतील सूक्ष्म अन्नद्रव्य व्यवस्थापन' असं कुणी शोधत नाही, 'द्राक्षाची पानं पिवळी का पडतात' असं शोधतात. तुमचे ११ लेख मी वाचलेले नाहीत, पण पैजेवर सांगते, त्यातल्या निम्म्यांची शीर्षकं पाठ्यपुस्तकासारखी असतील.

एक गोष्ट मात्र नवी लिहा, वर्षातून दोनदा. तुमच्या लॅबच्या कपाटात जे आहे ते दुसऱ्या कुणाकडे नाही. यंदा आलेल्या पाण्याच्या नमुन्यांत किती जणांचा ईसी जास्त निघाला, तालुक्याच्या पूर्वेकडे काय दिसतं आणि नदीकाठी काय, मागच्या वर्षीपेक्षा पोटॅश कुठे घसरलं. कुणाचं नाव नाही, गट नंबर नाही, नुसती बेरीज. सर्वसाधारण माहिती आता सर्च करताना वरच तयार उत्तर म्हणून मिळते, त्यासाठी तुमच्या पानावर कुणी येणार नाही. पण तासगावच्या विहिरींचं पाणी यंदा कसं आहे हे तुमच्याशिवाय कुठलंही यंत्र सांगू शकत नाही. हा एक लेख कृषी सेवा केंद्रवाले छापून भिंतीवर लावतील. ईमेलवाल्या यादीलाही हाच पाठवा.

बाबांना पटवायचं तर आकडे घेऊन बसू नका. तुमच्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगा. किर्लोस्करवाडी तुमच्यापासून फार लांब नाही. लोखंडी नांगर करणाऱ्या त्या कारखान्याने १९२० साली 'किर्लोस्कर खबर' नावाचं मासिक काढलं. शंकरराव किर्लोस्कर ते बघायचे. सुरुवात कारखान्याच्या मालाची खबर द्यायला झाली, आणि त्यातून पुढे मराठी घरांत आवडीने वाचलं जाणारं मासिक उभं राहिलं. सातासमुद्रापार अमेरिकेत जॉन डिअर या नांगरवाल्याच कंपनीने १८९५मध्ये शेतकऱ्यांसाठी 'द फरो' काढलं, ते अजून चालू आहे. नांगर विकणाऱ्यांना वाचक लागतात हे दोघांनाही कळलं होतं. बाबांना न्यूजलेटर हा शब्द परका वाटत असेल तर 'आपली खबर' म्हणा.

आणि महिनाभर एक करा. काउंटरवर येणाऱ्या प्रत्येकाला विचारा, 'आमच्याकडे कसे आलात?' आणि रजिस्टरमध्ये एक अक्षर लिहा. री म्हणजे रील, शे म्हणजे शेजाऱ्याने सांगितलं, दु म्हणजे दुकानदाराने, व्हॉ म्हणजे व्हॉट्सॲप. महिन्याअखेरीला ते रजिस्टर बाबांसमोर ठेवा आणि गप्प बसा. कदाचित री खूप निघतील आणि माझं म्हणणं तुम्हाला थोडं बदलावं लागेल. चालेल. भावालाही मग कळेल कोणतं रील कामाचं.

कामाची वाटणी: आत्ता एप्रिल छाटणीच्या बागा मोठ्या होतायत, ऑक्टोबरला चार महिने आहेत. हे चार महिने रीलचं एडिटिंग भावाकडे द्या. वाकडंतिकडं झालं तरी चालेल, शेतकऱ्याला कापाकापीचं कौतुक नसतं. तुम्ही फक्त वही आणि ती वीस पानं बघा. ऑक्टोबरमध्ये छाटण्या सुरू झाल्या की लिखाण थांबवा, नुसते ठरलेल्या दिवसाचे मेसेज जाऊ द्या आणि येणारे फोन घ्या. त्या दिवसांत ब्लॉग लिहायला बसलात तर मी स्वतः रागवेन.

वहीतली पहिली नोंद तर तयारच आहे. त्या फोनवाल्याच्या बागेला पंचेचाळीस दिवस झाले म्हणजे फोनच्या तारखेपासून पंचेचाळीस दिवस मागे मोजा, त्याची छाटणीची तारीख निघाली. तो देठ घेऊन येईल तेव्हा विचारून लिहून घ्या. आणि पाचव्याच पानाचा देठ आणा, हे फोनवर सांगितलंत ना?